२१ वर्षांच्या खंडानंतर शिकारीचं धनुष्य निवडताना: एक प्रकरण

या प्रकरणातल्या गृहस्थांना ओळखीतले सगळे दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. वय ५४. वयाच्या ३३ व्या वर्षापर्यंत दर हंगामात धनुष्याने हरणाची शिकार करायचे. पुढे नोकरी, मुलं, मग उजव्या खांद्याचं दुखणं, आणि २१ वर्षं धनुष्य हातात धरलं गेलं नाही. खांदा बरा झाल्यावर पुन्हा सुरुवात करायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "सध्या सगळ्यात चांगलं धनुष्य कोणतं?"

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, कोणालाच. आधी विचारतो: कोणतं जनावर, किती अंतरावरून, उभं राहून की बसून, आणि आठवड्यातून सराव किती होणार? दादांची उत्तरं स्पष्ट होती. हरणच. कधी झाडावरच्या मचाणातून, कधी जमिनीवरच्या आडोशात स्टुलावर बसून. बाण २५ यार्डांच्या आतच सोडायचा. सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी, त्याहून जास्त नाही. पुढचा सगळा निर्णय या चार उत्तरांवर उभा राहिला.

त्यांच्या मनात मात्र एक पर्याय आधीच पक्का होता: जुनंच धनुष्य नीट करून घ्यायचं. ते माळ्यावर होतं, दोरी चढवलेल्या अवस्थेत. गोल चाकांचं जुन्या घडणीचं कंपाउंड (टोकांना, अ‍ॅक्सल म्हणजे आसावर, चाकं बसवलेलं धनुष्य), एका अ‍ॅक्सलपासून दुसऱ्या अ‍ॅक्सलपर्यंत ४४ इंच, ओढीचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, ६८ पाउंड. जुनी चांगली वस्तू टाकून देऊ नये हे मलाही पटतं, म्हणून आम्ही ते नीट तपासलं. आधी नुसतं पाहिलं, ओढून बघितलं नाही. धनुष्याच्या बाहूंवरून (मुठीच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भागांवरून) कापसाचा बोळा हळूहळू फिरवला. खालच्या बाहूच्या टोकाशी, अ‍ॅक्सलजवळ, कापसाचे तंतू अडकले. तिथे केसाएवढी चीर होती. केबल पोलादी होत्या आणि टोकाच्या जोडांपाशी एका केबलच्या दोन तारा तुटलेल्या होत्या. कंपाउंडचे बाहू न ओढलेल्या अवस्थेतही ताणाखालीच असतात. माळ्यावरचा उन्हाळा आणि तो ताण २१ वर्षं एकत्र सोसल्यावर आतले थर सुटू लागले तर त्यात नवल नाही. असा बाहू पूर्ण ओढीवर फुटला तर तुकडे तोंडावर येतात. दादांना वाईट वाटलं, ते साहजिक होतं. पण ते धनुष्य पुन्हा ओढायचं नाही एवढं त्या दिवशीच ठरलं.

मध्ये किती बदल झाला हे त्यांना समजावून सांगणं गरजेचं होतं, कारण त्यांच्या डोक्यातले आकडे जुन्या धनुष्याचे होते. कंपाउंड धनुष्य हे मिसुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांचं. त्यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. मध्यबिंदूपासून सरकलेल्या आसावर फिरणारं चाक दोरीच्या टोकाशी बसवायचं, म्हणजे ओढ शेवटाकडे आली की हातावरचं वजन एकदम उतरतं. या उतरण्याला लेट-ऑफ म्हणतात. दादांच्या चाकांचं लेट-ऑफ ५० टक्के होतं, म्हणजे ६८ पाउंड ओढल्यावर नेम धरताना ३४ पाउंड हातात राहायचे. आजच्या शिकारी धनुष्यांत ७५ ते ९० टक्के सर्रास मिळतं. ५४ पाउंडांच्या धनुष्यावर ८० टक्के लेट-ऑफ धरलं तर नेम धरताना हातात ११ पाउंडांहूनही थोडं कमी उरतं. जनावर फांदीआड थांबलंय, तुम्ही पूर्ण ओढलेलं आहे आणि आता वाट पाहायची आहे, तेव्हा ३४ आणि ११ मधला हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

नवं कंपाउंड घ्यायचं ठरवण्याआधी आणखी दोन वाटा तपासल्या. रिकर्व्ह, म्हणजे चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य, त्यांना खुणावत होतं: साधं, हलकं, बिघडायला फारसं काही नाही. पण रिकर्व्हला लेट-ऑफ नसतं. ४५ पाउंड ओढले की ४५च धरून ठेवायचे. शिवाय बहुतेक जण ते साइट (नेम धरायचं साधन) न लावता, अंगवळणी पडलेल्या नेमावर चालवतात आणि तो नेम जवळजवळ रोजच्या सरावावर टिकतो. आठवड्यातल्या दोन संध्याकाळींवर जनावरावर रिकर्व्ह चालवू नये असं माझं ठाम मत आहे. निशाण्यावर चालवायला हरकत नाही. क्रॉसबोचा, म्हणजे ओढलेली दोरी अडकवून ट्रिगरने सोडायच्या धनुष्याचा, विचारही केला. खांदा पुन्हा दगा देता तर मी तोच सुचवला असता, आणि त्यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही. पण बऱ्याच ठिकाणी क्रॉसबोचे नियम आणि हंगाम वेगळे असतात, आणि दादांना ओढ हातानेच हवी होती.

मग मोजमाप. सगळ्यांत आधी ओढीची लांबी, कारण ती चुकली तर बाकी काहीही बरोबर असून उपयोग होत नाही. दोन्ही हात बाजूंना सहज पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजायचं आणि २.५ ने भागायचं. दादांचं ७० इंच आलं, म्हणजे ओढ २८ इंच. त्यांचं जुनं धनुष्य २९.५ वर लावलेलं होतं. त्या काळात असं पुष्कळ दिसायचं: लांब ओढीने वेग वाढतो म्हणून ओढ लांब ठेवायची. परिणाम असा की धनुष्य धरलेला हात कोपरात ताठ होतो, खांदा वर चढतो, डोकं मागे झुकतं आणि सुटणारी दोरी हाताला चाटते. दादांच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तेव्हा सतत वळ असायचे, हे त्यांनीच सांगितलं. भागाकार ही फक्त सुरुवात असते. खरी लांबी धनुष्य ओढून, बाजूने फोटो काढून बघितली. २८ बरोबर निघाली.

वजनाचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता. ६८ ओढणाऱ्या माणसाला ५० ऐकताना कमीपणा वाटतो. फिजिओथेरपिस्टने खांद्याला हळूहळू भार द्यायला परवानगी दिली होती, म्हणून आधी विस्तृत फेरफार होणारं एक धनुष्य उसनं घेतलं. अशा धनुष्यांत अगदी कमी वजनापासून ७० पाउंडांपर्यंत जाता येतं. ते ४० वर लावलं. तीन पावलांवर मोठं निशाण, नेम नाही, फक्त ओढणं, थांबणं, सोडणं. काही आठवड्यांनी दोन्ही बाहूंचे बोल्ट सारखेच फिरवून वजन थोडं वाढवलं, मग पुन्हा थोडं. वरचा आणि खालचा बोल्ट सारखा फिरला नाही तर धनुष्याची घडीच बिघडते, म्हणून मी फेरे मोठ्याने मोजायला लावतो.

किती वाढवायचं याची कसोटी एकच ठेवली. खुर्चीवर बसायचं, पाय जमिनीवरून उचलायचे, धनुष्य निशाणाकडे रोखायचं आणि ते आकाशाकडे न उचलता सरळ मागे ओढायचं. अर्धा मिनिट धरायचं. मग बाण न सोडता तितक्याच सावकाश ओढ परत आणायची. हे सगळं अंग गरम न करता आणि हंगामातलं जाड जाकीट घालून करायचं. मचाणावर पहाटेपासून थंडीत बसल्यावर अंग गरम करायला कोण देतो? आणि धनुष्य वर उचलून हिसक्याने ओढलं की समोरचं हरण ते नक्की पाहतं. दादा ५४ पाउंडांपर्यंत या कसोटीला उतरले. ५८ वर ओढ जमत होती, पण परत आणताना हात थरथरायचा. म्हणून ५४.

इथून दुकानाची गोष्ट सुरू होते, आणि इथेच परतून येणारे बरेच जण फसतात. दुकानात मांडलेली धनुष्यं बहुधा ६० ते ७० पाउंडांची असतात. "आत्ता ६० वर लावून देतो, पुढे वाढवता येईल" हे वाक्य प्रत्येकाला ऐकायला मिळतं. बहुतेक बाहूंमध्ये साधारण १० पाउंडांचाच फेरफार असतो आणि धनुष्य आपल्या वरच्या मर्यादेजवळ सगळ्यात नीट चालतं. दादांसाठी योग्य होते ५० ते ६० चे बाहू. ते मागवावे लागले, थांबावं लागलं. थांबलोच नसतो तर ६० च्या धनुष्यावर त्यांचा खांदा पहिल्याच महिन्यात पुन्हा दुखायला लागला असता, असं मला आजही वाटतं.

वेगाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत तोच आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतो. छापलेला वेग सहसा ७० पाउंड वजन, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाण तोलायचं छोटं एकक) हलका बाण यांवर मोजलेला असतो. धनुष्यावर ३३० फूट प्रति सेकंद लिहिलं असेल तर दादांच्या हातात काय मिळेल? ढोबळ हिशेब असा. ओढ दोन इंच कमी, तेव्हा सुमारे २० गेले. वजन १६ पाउंड कमी, अंदाजे २८ गेले. बाण ४६० ग्रेनचा घेतला तर दर ३ ग्रेनमागे एक फूट धरून आणखी ३७. दोरीवरच्या पीप (नेम धरताना आरपार बघायचं छोटं कडं) वगैरे वस्तूंचे पाच. उरले २४०. क्रोनोग्राफवर (बाणाचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्यक्षात याच्या अगदी जवळचा आकडा आला.

दादा हिरमुसले. मग आम्ही शेजारी शेजारी दोन हिशेब मांडले. बाणाची ऊर्जा काढायला ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, उत्तर फूट-पाउंडांत. जुना सरंजाम: ५२० ग्रेनचा अ‍ॅल्युमिनियम बाण, अंदाजे २१० फूट वेग, ऊर्जा ५१. नवा: ४६० ग्रेन, २४० फूट, ऊर्जा जवळजवळ ५९. म्हणजे १४ पाउंड कमी ओढूनही बाणात जोर जास्त, आणि जुन्या ६८ पाउंडांच्या धनुष्याने त्यांनी इतकी हरणं आरपार बाणाने मिळवली होती. हा हिशेब पाहिल्यावर वजनाचा विषय कायमचा मिटला.

तरीही ३० फूट वेग जास्त असलेलं दुसरं मॉडेल त्यांना मोहात पाडत होतं. वेगाचा फायदा काय? बाण कमी पडतो. २० यार्डांवर साइट लावून ३० यार्डांवर बाण सोडला तर २४० च्या वेगाला तो साधारण ७ इंच खाली लागतो, २७० ला ५ इंच. फरक दोन इंचांचा, आणि तोही ३० यार्डांवर, जिथून दादा बाण सोडणारच नव्हते. दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. दोरीचा आवाज ऐकून हरण दबकतं आणि उसळतं. बाण मग वरून जातो किंवा चुकीच्या जागी लागतो. २० यार्ड जायला २४० च्या बाणाला पाव सेकंद लागतो, ३३० च्या बाणाला सुमारे ०.१८ सेकंद. आवाज तेच अंतर ०.०५ सेकंदात कापतो. आवाजाच्या पुढे कोणतंच धनुष्य धावत नाही. म्हणून शांत धनुष्य आणि जड बाण. जड बाण दोरीची ऊर्जा अधिक शोषतो, त्यामुळे धनुष्य कमी थरथरतं आणि कमी वाजतं. सुरक्षेसाठी ओढीच्या प्रत्येक पाउंडामागे किमान ५ ग्रेन बाण हवा असं मानतात. दादांचा बाण पाउंडामागे साडेआठ ग्रेनचा झाला.

आता लांबी. आजची धनुष्यं ४४ इंचांची नसतात. २८ ते ३३ इंचांत बहुतेक सगळी येतात. दादांना आधी २९ इंचांचं आवडलं, आडोशात बसून वळवायला सोपं म्हणून. त्यांनी जुन्या सवयीने तीन बोटांनी ओढलं आणि लगेच सोडून दिलं. धनुष्य जितकं आखूड, तितका पूर्ण ओढीवर दोरीचा कोन तीव्र होतो आणि बोटं त्यात चिमटली जातात. जुनी लांब धनुष्यं बोटांनी ओढायलाच घडवलेली होती. आजची रिलीज, म्हणजे दोरी पकडून ट्रिगरने सोडणारं साधन, लावून सोडायला. बोटांनीच ओढायचा हट्ट धरला असता तर ४० इंचांच्या आसपासचं काही शोधावं लागलं असतं आणि त्यात निवड फार तुटपुंजी आहे. दादांनी रिलीज स्वीकारला. मनगटावर बकलने बांधायचा, तर्जनीने चालवायचा. तो हातालाच असतो, मचाणावरून खाली पडत नाही. ट्रिगरवर बोट मारायची खोड लागू नये म्हणून पहिले काही आठवडे डोळे मिटून, निशाणाला जवळजवळ खेटून सराव केला. नेम नसला की बोट घाई करत नाही.

रिलीज लावूनही २९ इंचांच्या धनुष्यावर दोरी नाकाच्या टोकाला टेकत नव्हती आणि पीप डोळ्यापासून लांब राहत होता. नाकाला दोरी टेकणं ही चेहरा रोज एकाच जागी आणण्याची खूण आहे. ती नसेल तर नेम दर वेळी थोडा हलतो. ३३ इंचांच्या धनुष्यावर ती आपोआप जमली. आडोशात ते थोडं अडचणीचं होतं, म्हणून आम्ही स्टूल मागे सरकवलं.

शेवटी दोन धनुष्यं उरली, दोन्ही ३३ इंचांची, ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर, एकाची ६ इंच, दुसऱ्याची ७. सहा इंचांचं वेगवान होतं, पण त्याचा कॅम, म्हणजे टोकाचं चाक, आक्रमक होता: वजन झटकन चढायचं, शेवटपर्यंत तसंच राहायचं आणि एकदम कोसळायचं. पूर्ण ओढीवर हात जरा सैल पडला की धनुष्य पुढे खेचून न्यायचं. सात इंचांच्या धनुष्याचा चढ सावकाश होता आणि पूर्ण ओढीवर थोडी विसाव्याची जागा होती. ब्रेस हाइट जास्त असली की बाण दोरीवरून लवकर सुटतो, त्यामुळे सोडतानाची छोटी चूक त्याच्यापर्यंत कमी पोचते. दादांनी दोन्हींवरून बसून, जाकीट घालून बाण सोडले. मी काही बोललो नाही. त्यांनी सात इंचांचं उचललं. ते मागच्या वर्षीचं मॉडेल होतं, त्यामुळे साइट, रेस्ट (बाण टेकवायचा आधार) आणि चांगल्या बाणांसाठी पैसे हातात राहिले. सगळा पैसा धनुष्यात घालून बाण जुनेच वापरणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. दादांचे जुने अ‍ॅल्युमिनियमचे बाण ६८ पाउंडांसाठी निवडलेले होते. नव्या धनुष्याला त्यांचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, जुळतच नव्हता. नवे कार्बनचे घेतले. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी सोडण्याआधी वाकवून, कानाजवळ धरून कुरकुर ऐकायची, हे त्यांना नवीन होतं. तडा गेलेला बाण सोडताना फुटला तर तो धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

डोळ्यांचा विषय मात्र आम्हा दोघांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. ३३ व्या वर्षी साइटवरची पीन (नेम धरायचा ठिपका) आणि निशाण दोन्ही स्पष्ट दिसतात. ५४ व्या वर्षी हाताच्या अंतरावरची पीन पसरट दिसते. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात अडचण वाढते, कारण धनुष्य ओढल्यावर मान वळलेली असते आणि आपण काचेच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो, जिथे प्रतिमा विस्कटते. दादांनी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घेतला. आम्ही प्रभावी डोळा कोणता हेही पुन्हा तपासलं, कारण वयानुसार किंवा मोतीबिंदूमुळे तो बदलू शकतो. उजवाच होता. पीन पसरट दिसली तरी चालतं, निशाण स्वच्छ दिसलं पाहिजे. नजर निशाणावर ठेवायची. साइटवर २० आणि ३० यार्डांच्या दोनच फायबर पिना ठेवल्या. पाच पिनांच्या गर्दीत, हृदय धडधडत असताना, चुकीची पीन निवडली जाते. पीप आधी ३/१६ इंचाचा बसवला होता. संधिप्रकाशात त्यातून काळोखच दिसला, म्हणून १/४ इंचाचा लावला. नेमकेपणा थोडा कमी झाला, पण शिकारीचा वेळ पहाट आणि संध्याकाळ हाच असतो.

रेस्ट चारही बाजूंनी बाण पकडणारा घेतला. सोडल्यावर खाली पडणारा रेस्ट अधिक अचूक असतो हे मान्य, पण मचाणावर धनुष्य तिरकं झालं तरी बाण जागचा हलणार नाही, ही खात्री दादांना हवी होती. फाळं, म्हणजे बाणाची शिकारी टोकं, स्थिर पात्यांची. उघडणाऱ्या पात्यांचा घाव रुंद पडतो, पण उघडण्यात ऊर्जा जाते, आणि ५९ फूट-पाउंडांतलं काही खर्च करण्यापेक्षा बाण आरपार जाणं मला जास्त मोलाचं वाटतं. फाळं लावलेले बाण सरावाच्या टोकांच्या बाणांपेक्षा डावीकडे लागत होते. रेस्ट अगदी किंचित सरकवल्यावर दोन्ही एकत्र आले.

परवान्याचे नियम त्यांनी स्वतः वाचले. काही ठिकाणी हरणासाठी ओढीचं किमान वजन ४० पाउंड असतं, काही ठिकाणी ३५, फाळाच्या रुंदीचीही अट असते. ५४ कुठेही पुरेसं होतं.

अंतराची मर्यादा आम्ही शब्दांवर सोडली नाही. हरणाच्या छातीतली मर्माची जागा ८ ते १० इंचांची. सरावात दिवसाचा फक्त पहिला बाण मोजायचा, आणि तो सहा इंचांच्या वर्तुळात पडला पाहिजे. चाळिसावा बाण कुठे लागला याने काहीच सिद्ध होत नाही, कारण जंगलात पहिलाच बाण असतो. बाणाने मरण येतं ते रक्तस्रावाने. बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला तर ते लवकर येतं, पोटात लागला तर तासन्‌तास लांबतं. त्या जनावराचं आपण एवढं देणं लागतो की खात्री नसेल तर ओढ परत आणावी. दादांचे पहिले बाण २५ यार्डांपर्यंत वर्तुळात राहिले, ३० वर कधी राहिले, कधी नाही. मर्यादा २५.

हंगामात त्यांनी दोनदा पूर्ण ओढून, बाण न सोडता ओढ परत आणली: एकदा हरण तिरपं वळलं म्हणून, एकदा मधे फांदी आली म्हणून. जुन्या धनुष्यावर हे कधी केल्याचं त्यांना आठवत नाही. तिसऱ्या वेळी मादी १७ यार्डांवर आडवी उभी होती. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला आणि ती नजरेच्या टप्प्यातच पडली.

नवी दोरी पहिल्या काही महिन्यांत थोडी ताणली गेली होती, त्यामुळे पीप फिरला होता आणि दोन्ही कॅमची वेळ किंचित पुढेमागे झाली होती. ते नीट करायला दादा धनुष्य घेऊन आले आणि येताच विचारलं, "आता ५८ करू या का? खांदा छान आहे."

"दादा, जाकीट आणलंय का?" मी विचारलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

५८ वर ओढ सरळ आली. अर्धा मिनिट टिकली. परत आणताना हात अजून थोडा थरथरला. बोल्ट ५४ वरच ठेवले आणि पुढची तपासणी उन्हाळ्यानंतर करायचं ठरलं.